रंग आला तेव्हा

दीड वर्षाच्या रेवणच्या पांढऱ्या पेशी गिळलेले जंतू मारतात का, हे दाखवणारा रंग मागवल्यावर महिन्याभराने प्रयोगशाळेत आला. तपासणी करणाऱ्या हेमांगीताईंनी लगोलग रेवणच्या वडिलांना फोन लावला. "रंग आलाय. उद्या घेऊन या त्याला, रक्त घेऊ."

"मॅडम, पोरगं सोमवारीच गेलं."

वडीलच पुढे म्हणाले, "त्याची आई पुन्हा गरोदर हाय. पाठच्या भावंडालाबी हा आजार असू शकतो, म्हनला व्हता तुमी. हे दुसरं जन्मल्यावर तपासाल न्हवं? तवर टिकंल का रंग?"

"टिकेल. मी जपून ठेवते. आईचं नाव सांगा."

रंगाच्या कुपीवर 'रूपाली कोळेकर यांचं बाळ' असं लिहून त्यांनी ती फ्रीजरमध्ये ठेवली, आणि मगच डोळ्यांना पदर लावला.