दिव्याने पाठ फिरवली

"आधीच सांगून ठेवतो, यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही. तुझा तर नाहीच नाही," बाबा म्हणाले आणि त्यांनी लेकीच्या लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली ओढलं.

लेकीने ते पुन्हा वर केलं. स्क्रीनवर राजीनामा होता. सुट्टीची अख्खी सकाळ त्यात गेली होती आणि अजून तो दोन ओळींच्या पुढे सरकला नव्हता.

टेबलापलीकडे आई वर्तमानपत्र उघडून बसली होती. घरात ती आई, ऑफिसात लेकीची साहेब. उद्या हा राजीनामा तिच्याच टेबलावर जायचा होता. कालपासून ती लेकीशी एक अक्षर बोलली नव्हती.

झालं होतं ते असं. लेकीचं काम सॉफ्टवेअरची पॅकेजं बांधायचं. कुणी तरी प्रोग्राम लिहितो, ही तो नीट गुंडाळून युनिक्स नावाच्या प्रणालीच्या घराण्यातल्या गावोगावच्या मशीनांवर धाडते. गुंडाळताना सगळ्या फायली आपल्या मशीनवर एका रिकाम्या फोल्डरात गोळा करायच्या असतात. पण प्रोग्रामच्या कानात जागा सांगायची ती वेगळीच, तो शेवटी जिथे नांदणार ती. "सामान माहेरी बांधा, पत्ता सासरचा द्या," हे आईचं ऑफिसातलं ठरलेलं वाक्य. नव्या माणसाला ते पहिल्याच दिवशी ऐकावं लागे. लेकीने तर ते पाळण्यातच ऐकलेलं. आणि तिनेच घाईघाईत प्रोग्रामला पत्ता दिला तो स्वतःच्या फोल्डरचा! तिच्या मशीनवर प्रोग्राम झकास चालला. चालणारच, फोल्डर तिथेच तर होतं. कोऱ्या मशीनवर लावून बघायचा तिने कंटाळा केला. मग रक्त तपासणाऱ्या झाडून सगळ्या प्रयोगशाळांत तो प्रोग्राम लेकीचं फोल्डर शोधत फिरला आणि सापडेना तेव्हा त्याने मान टाकली. दिवसभर रिपोर्ट अडकले. संध्याकाळी सुधारलेलं पॅकेज रवाना झालं खरं, पण लेकीला तोंड दाखवायला जागा उरली नव्हती.

"बाबा, गोष्ट नको आत्ता. दुकानात सांगा."

बाबांचं दुकान घड्याळदुरुस्तीचं. एके काळी तेही याच ऑफिसात पॅकेजं बांधायचे, पण ते लेकीच्या जन्माआधीचं. दुकानात घड्याळं कमी आणि थापा जास्त चालतात, असं गिऱ्हाइकंच सांगत.

"अगं, तू तुझ्या चुकीचं काय घेऊन बसलीस! मी हेच दीपगृहांच्या प्रोग्रामात करून ठेवलं होतं. दिवा कधी लावायचा, किती वेगाने फिरवायचा, सगळं त्यात. आणि पत्ता माझ्या फोल्डरचा! गेलं पॅकेज किनाऱ्यावर. संध्याकाळ झाली, प्रोग्राम उठला, फोल्डर शोधायला लागला. इकडे बघ, तिकडे बघ, नावच नाही. शेवटी दिव्यानेच मनावर घेतलं. समुद्राकडे पाठ फिरवली आणि डोंगरावरून प्रकाश टाकला तो थेट माझ्या खोलीच्या खिडकीत. मी जेवत होतो. हातातला चमचा लखलखला!"

लेकीला नको असताना हसू आलं. "आणि बोटी?"

"त्या आल्या ना दिव्यामागोमाग! एक तर आमच्या गल्लीच्या तोंडाशी नांगर टाकून उभी. कप्तान खाली उतरून मलाच विचारतो, बंदर हेच का हो?"

वर्तमानपत्र जरासं हललं.

"मग?"

"मग काय, दुसऱ्या दिवशी तेव्हाच्या साहेबांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं. कुणाचा हा पराक्रम, म्हणाले. त्यांचं वाक्य संपायच्या आत मी हात वर केला. मिळाला नारळ! पण बिघडलं काय? दुकान टाकलं, पुढे तुझ्या आईशी लग्न झालं, तू झालीस. तेव्हा तर आमची धड ओळखसुद्धा नव्हती. शेजारच्या टेबलावर बसायची, एवढंच. सांगायचा मुद्दा, एका फोल्डरपायी कुणी आयुष्य गुंडाळून ठेवत नाही."

"नारळ मिळाला आणि वर ऐट बघा!" लेक म्हणाली. "थांबा, तुमचं ते फोल्डर बघतेच."

जुनं एकही पॅकेज टाकायचं नाही, हा आईचाच ऑफिसातला कडक नियम. लेकीने राजीनामा बाजूला सारला आणि जुन्या पॅकेजांचा साठा उघडला. दीपगृहांचं पॅकेज तळाशी निवांत पडलेलं होतं.

"ते कशाला आता उकरतेस?" बाबा एकदम म्हणाले. "जुनाट प्रकार तो. उघडायचासुद्धा नाही."

उघडला. प्रोग्रामच्या पोटात कोरलेले शब्द वाचून दाखवणारी एक कमांड असते, ती लेकीने चालवली. अगम्य अक्षरांच्या गर्दीत पत्ता स्वच्छ उमटला. ऑफिसात ज्याच्या त्याच्या फोल्डरला ज्याचं त्याचं आडनाव असे. इथेही आडनाव होतं, पण बाबांचं नव्हतं. मामाच्या दारावरच्या पाटीवर आहे ते होतं. आईचं, लग्नाआधीचं.

लेकीने वर पाहिलं. बाबा चष्मा पुसत होते, जो मळलेला नव्हता. वर्तमानपत्राचं पान गोष्ट सुरू झाल्यापासून उलटलं नव्हतं. आता त्याच्या दोन्ही कडा मुठींत चुरगळल्या होत्या.

तिने राजीनामा पुन्हा पुढ्यात घेतला, पुसून टाकला आणि लॅपटॉप मिटला.

"थापाडे कुठले!" ती म्हणाली. "बाबा, दिवा तुमच्या नाही, आईच्या खिडकीत बघत होता. आणि तुम्हीसुद्धा."