गाळलेली वाक्यं

अण्णांच्या तेराव्याची जेवणं उरकली आणि हल्लीच्या रिवाजाप्रमाणे सगळे सारपेटीभोवती बसले. घरात आणि फोनवर बोललेलं प्रत्येक वाक्य ऐकायचं, नियम लावून त्यातली माहिती तेवढी वेचून ठेवायची आणि बाकीचं पुसून टाकायचं, हे त्या पेटीचं काम. काही नवीन कळलं की तिचा हिरवा दिवा लुकलुकायचा.

"अण्णा मला काय सांगायचे?" त्यांच्या धाकट्या मुलानं, विश्रामनं विचारलं.

"तबल्यावर तुझा हात गोड आहे. तुझा राग आईसारखा आहे, आला तसा जातो," पेटी म्हणाली. विश्राम हसता हसता रडायला लागला.

"आणि मला?" त्याच्या बहिणीनं, शलाकानं विचारलं.

"अण्णांनी शलाकाला काही सांगितल्याची नोंद नाही."

शलाका नोकरीमुळे परगावी असायची आणि रोज संध्याकाळी अण्णांचा फोन यायचा. पोचलीस का गं? आवाज असा का येतोय? जेवलीस का? कधी येतेस? एवढंच विचारून ते फोन ठेवायचे.

सारपेटीचे नियम लिहिणाऱ्यांत ती स्वतः होती. प्रश्नात माहिती नसते, म्हणून प्रश्न गाळावेत, हा नियम तिचाच. त्यासाठी साहेबांनी तिची पाठही थोपटली होती.

स्वयंपाकघरातून काकूनं हाक मारली, "शलाका, सगळ्यांना वाढता वाढता तू जेवलीस का गं?"

शलाकानं पेटीकडे पाहिलं. दिवा लुकलुकला नाही.