तातडीचा संपर्क

डॉक्टरांनी इंजेक्शन भरायला घेतलं, तेव्हा काकूंनी पुन्हा एकदा सांगितलं, की पेनिसिलिन त्यांना चालत नाही.

डॉक्टरांनी पुन्हा एकदा काकूंच्या गळ्यातलं कार्ड वाचलं. बसच्या गंजक्या पायरीने काकूंची पोटरी फाडली होती आणि कंडक्टर त्यांना स्टँडसमोरच्या या दवाखान्यात सोडून गेला होता.

"मावशी, इथे स्वच्छ लिहिलंय. अ‍ॅलर्जी, कसलीही नाही."

कार्ड काकूंच्या यजमानांचं. ते निवृत्त हेडक्लार्क. बायको पहिल्यांदाच एकटी प्रवासाला निघतेय म्हटल्यावर त्यांनी खपून ते टाइप केलं, लॅमिनेट केलं, दोरीत ओवलं आणि स्वतःच्या हाताने तिच्या गळ्यात घातलं. विचारलं मात्र तिला एका अक्षराने नाही. रक्तगट तर स्वतःचाच टाकला. इतकी वर्षं एका छपराखाली काढल्यावर तो वेगळा कशाला असेल?

नर्सने कार्डावरच्या नंबरला फोन लावून स्पीकर चालू केला. यजमान म्हणाले, तिला काही होत नाही, खुशाल टोचा. काकूंनी खाटेवरूनच धाकट्याच्या बाळंतपणाची आठवण दिली. याच औषधाने अंग सुजलं होतं, घसा मिटला होता, जीव जायचाच बाकी होता. यजमानांना आठवलं. त्या वर्षी उकाडाच फार होता, म्हणाले.

"डॉक्टर, तिला सुईची भीती वाटते हो, बाकी काही नाही," ते मायेने म्हणाले.

काकू तीस वर्षं शिवणक्लास चालवत होत्या.

त्यांच्या मस्तकात तिडीक गेली. त्यांनी कार्ड गळ्यातून ओढून काढलं आणि रक्ताळलेल्या कापसाच्या बादलीत टाकलं. नर्सच्या फोनमधून यजमान अजून उकाड्याबद्दलच सांगत होते. काकूंनी हात लांब करून फोन बंद केला.

डॉक्टर वैतागले. घाबरलेला पेशंट काहीही बोलतो, त्याच्या शब्दावर औषध बदलत बसलो तर झालंच, म्हणाले. नीट माहिती असलेलं कुणीतरी जबाबदार माणूस पाहिजे.

"आहे कुणी तुमचं तसं?"

काकू खाटेवर ताठ बसल्या. मग त्यांनी एक नंबर सांगितला. नर्सने तो फिरवला.

काकूंच्या पर्समध्ये फोन वाजला. त्यांनी तो सावकाश बाहेर काढला, कानाला लावला आणि डॉक्टरांच्या डोळ्यांत बघत म्हणाल्या,

"बोला. मी तिला चांगली ओळखते. आधी ते इंजेक्शन खाली ठेवा."

नर्सच्या हातातल्या स्पीकरने किंचित मागे राहून तेच सांगितलं, थोड्या मोठ्या आवाजात.