फुकटातली साफसूफ

"हा माझा मुलगा नाही."

एवढंच लिहिलं होतं. वर पाचातला एकच तारा पिवळा. फोटोवाल्याने मोबाइल बायकोपुढे धरला आणि खुर्चीत धपकन बसला.

"वाच. म्हणे माझा मुलगा नाही. मग काय मी माझा भाचा छापून दिला?"

बायको काउंटरवर पासपोर्ट फोटो कापत होती. दिवसातलं दुसरंच गिऱ्हाईक. मोबाइल आल्यापासून स्टुडिओत लोक येतात ते पासपोर्ट फोटोला, नाहीतर भिंतीवर लावायच्या फोटोला. म्हणजे नोकरी लागताना, नाहीतर माणूस गेल्यावर. मधलं सगळं आयुष्य ज्याचं तो काढतो. अशात इंटरनेटवरचे तारे हीच काय ती दुकानाची अब्रू. चौतीस जणांनी पाचच्या पाच दिले होते. पस्तिसाव्या बाईने घोळ घातला.

त्याने तावातावाने उत्तर लिहायला घेतलं. 'आमच्याकडे चेहरे बदलून मिळत नाहीत.' बायकोने ते पुसलं. 'तेवीस वर्षांच्या धंद्यात अशी तक्रार…' तेही पुसलं.

"आधी सांगा, बाई कोण?"

"ती नाही का, मेमरी कार्ड घेऊन आलेली. फोन पाण्यात पडलेला."

बायकोला आठवली. मुलगा जाऊन सहा वर्षं झालेली. त्याचे होते नव्हते ते सगळे फोटो त्या एका फोनमध्ये. फोटोवाल्याने दोन दिवस खपून कार्डातून एक फोटो बाहेर काढला होता. एकच. मग कार्डाने मान टाकली ती टाकलीच. बाई त्या दिवशी त्याच्या पाया पडायची तेवढी बाकी होती.

"फोटोत काही केलंत का तुम्ही?"

"नेहमीचंच. साफसूफ."

ही त्याची खोड अख्ख्या बाजाराला ठाऊक होती. फोटो कुणाचाही असो, त्याच्या हातून जाताना घासूनपुसूनच जायचा. मुरूम, तीळ, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं गायब. न विचारता, आणि वर फुकट. लोक पाठीमागे त्याला साफसूफकाका म्हणायचे आणि फोटो बघून खूश व्हायचे. आपलं माणूस जरा बरं दिसलं तर कुणाचं काय जातं?

"काय साफ केलंत?" बायकोने कात्री खाली ठेवली.

"काही नाही गं. भुवईवर एक जुना वण होता, जखमेचा. एवढा देखणा पोरगा, म्हटलं उगाच कशाला…" तो मध्येच थांबला.

"अहो, लहानपणी पडला असेल. तिनेच उचलून पळवत नेला असेल टाके घालायला."

आपण काय करून बसलोय ते त्याला आत्ता कळत होतं, आणि फार वाईट वाटत होतं.

त्याने सगळा कॉम्प्युटर उपसला. मूळ फोटो नव्हता. असणार कसा? डिस्क कायम गच्च भरलेली, म्हणून तो मूळ फोटोवरच काम करायचा आणि त्याच्यावरच सेव्ह करायचा. तेवीस वर्षांत कुणी येऊन म्हटलं नव्हतं, की माझा तीळ परत द्या.

शेवटी त्याने पुन्हा उत्तर लिहिलं. या वेळी बायकोने एक शब्दही पुसला नाही.

'ताई, चूक माझी आहे. त्याच्या भुवईवरचा वण मी काढला. दुकानात या. होता तसा करून देतो.'

लिहिलं आणि त्याला जरा हलकं वाटलं. वण काढता येतो तसा घालताही येतो. दहा मिनिटांचं काम. फक्त कुठल्या भुवईवर होता, तेवढं काही केल्या आठवत नव्हतं. आजवर हजारो डाग पुसले, त्यातला एकही त्याने लक्षात ठेवला नव्हता. पण त्याची चिंता नव्हती. आई येणार होती. तिला विचारलं की झालं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ती आली. गळ्यात शिवणकारखान्याचं ओळखपत्र तसंच होतं. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. फोटो तिने टॉवेलमध्ये गुंडाळून आणला होता. बायकोने तिला स्टूल दिलं, पाणी दिलं. फोटोवाल्याने पडद्यावर तो चेहरा मोठा केला आणि माउसवर हात ठेवला.

"ताई, फक्त एवढंच सांगा. डावी भुवई की उजवी?"

ती पडद्याकडे बघत राहिली. तिचा हात स्वतःच्या डाव्या भुवईवर गेला. मग उजवीवर गेला. मग मांडीवर येऊन पडला.

"फोनमध्ये रोज बघत होते, तेव्हा वण कुठल्या भुवईवर ते लक्षात ठेवायची गरजच पडली नाही," ती म्हणाली. "आता महिनाभर हा बघतेय. डोळे मिटले तरी हाच येतो."

"घरात दुसरं कुणी?" बायकोने हळूच विचारलं.

"आम्ही दोघंच होतो."

फोटोवाल्याचा हात माउसवरच राहिला.

"काल तुमचं उत्तर वाचलं आणि जिवात जीव आला," ती म्हणाली. "म्हटलं, वण तुम्हीच काढलात, म्हणजे कुठल्या भुवईवर होता ते तुम्हाला तरी माहीत असेल."