नमस्कार चालू आहे

'बाबा नमस्कार घालत आहेत. सर्व ठीक आहे.'

फोनवरची ही ओळ नूपुरने पुन्हा वाचली. न्यू टाउनच्या ऑफिसात मीटिंगला बसताना तिने हीच ओळ पाहिली होती. मीटिंग संपली, चहा झाला, तरी ओळ तीच. पंचाहत्तरी गाठलेला माणूस नमस्कार घालून घालून किती वेळ घालणार?

तिने बाबांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. खालच्या मजल्यावरचे अरुणबाबू पुरीला गेलेले. कामाला येणारी शेफाली सकाळीच उरकून जायची, आणि तिचा नंबर नूपुरने कधी घेतलाच नव्हता. पर्स उचलून ती लिफ्टकडे पळाली. बाबांचं घर तिकडे होतं; गार्डन रीचला चला, लवकर चला, एवढंच तिने टॅक्सीवाल्याला सांगितलं.

ही ओळ पाठवणारं यंत्र तिच्याच कंपनीचं होतं. परदेशात बनलेलं, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांवर नजर ठेवणारं. माणूस पडला की बोंब मारायची, एवढंच त्याला ठाऊक. त्याला इथल्या घरांची रीत शिकवायची, ही नूपुरची नोकरी. बाबांच्या घरी ते बसवलं तेव्हा रोज सकाळी तमाशा व्हायचा. दत्तात्रयराव, रेल्वेतून निवृत्त झालेला शिस्तीचा माणूस, आंघोळ करून देवासमोर आडवे झाले रे झाले की यंत्र किंचाळायला लागायचं. अरुणबाबू लुंगी सावरत वर यायचे, शेफाली हातातलं भांडं टाकून धावायची आणि बाबा फरशीवरूनच ओरडायचे, "अरे, मेलो नाही अजून!"

शेवटी नूपुरने यंत्राला शहाणं केलं. देवघरासमोर माणूस पालथा दिसला तर तो पडलेला नाही, त्याने नमस्कार घातला आहे. वेळेची मर्यादासुद्धा तिने काढून टाकली. इथल्या मंदिरांच्या अंगणात तासन्‌तास लोटांगण घालणाऱ्या बायका तिने पाहिल्या होत्या. "भक्तीला घड्याळ लावायचं नसतं," असं ती मीटिंगमध्ये मोठ्या ऐटीत म्हणाली होती, आणि साहेबांना ते फारच आवडलं होतं. घरात कोण असतं, असं यंत्राने विचारलं तेव्हा तिने एकच नाव भरलं होतं, बाबा. घरातलं चित्र मात्र कुणालाही दिसता कामा नये, ही बाबांची अट. म्हणून तिच्या हातात होती ती फक्त ही एक शांत, समाधानी ओळ.

खिदिरपूरला टॅक्सी अडकली. बंदराकडे निघालेले ट्रेलर एकामागे एक उभे होते आणि कुणालाच घाई नव्हती. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात ते खोटं नाही. गार फरशीवर टेकलेला बाबांचा गाल तिला दिसायला लागला. कदाचित ते हाका मारत असतील. कदाचित हाका मारून थकले असतील. मागे आपण किती कटकट केली होती, त्या रोजच्या किंचाळण्याची! आज ते यंत्र एकदा, फक्त एकदा किंचाळलं असतं तर! तिला देवाचा धावा करावासा वाटला, पण देवांना ती काय सांगणार? त्यांच्यासमोरच तर सगळं घडत होतं. तिला रडू फुटलं. टॅक्सीवाल्याने आरशातून पाहिलं आणि उगीचच हॉर्न वाजवला.

'बाबा नमस्कार घालत आहेत. सर्व ठीक आहे.'

गल्लीच्या तोंडाशीच ती उतरली आणि पळत सुटली. मिठाईच्या दुकानाच्या वळणावर ती एका म्हाताऱ्यावर जवळजवळ आदळलीच.

"अगं, अगं! हळू!"

बाबा होते. पायात चपला, हातात पिशवी, पिशवीतून बाहेर आलेल्या शेवग्याच्या शेंगा. नूपुरने त्यांना भर रस्त्यात घट्ट मिठी मारली आणि लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडली. त्यांचा हात धरून पाहिला, गाल चाचपून पाहिला. गाल गरम होता, उन्हाने तापलेला. तिचा जीव भांड्यात पडला.

"झालं काय तुला? ऑफिस सोडून आलीस?"

तिने हुंदके देत सगळं सांगितलं आणि फोन त्यांच्यासमोर धरला. बाबांनी चष्मा वर करून ती ओळ वाचली आणि पोटभर हसले.

"मी इथे शेंगांचा भाव करतोय आणि माझ्या नावाने हे पुण्य जमवतंय! बरंय की."

नूपुरलाही हसू आलं. किती मूर्ख यंत्र, आणि त्याला शिकवणारी त्याहून मूर्ख! उद्या गेल्या गेल्या हे आधी दुरुस्त करायचं, असं तिने ठरवलं. ओढणीने डोळे पुसत ती लटक्या रागाने म्हणाली, "पण फोन का नाही उचललात? माझा जीव गेला असता."

"फोन घरीच राहिला गं," बाबा म्हणाले, आणि चालता चालता थांबले. "पण शेफालीने कसा नाही उचलला? आज उशिरा आली ती. आहे की वर, देवघरासमोरची फरशी पुसतेय."