जोडणी

शलाकाच्या ऑनलाइन मुलाखतीला तीनच मिनिटं उरली होती आणि हेडफोन काही केल्या लॅपटॉपला जोडला जाईना. तिनं तो बंद-चालू केला, ब्लूटूथच्या यादीतून काढून पुन्हा शोधला, पण छे!

कानाला लावला तर चक्क नवऱ्याच्या मावशी बोलत होत्या. म्हणजे काल कीर्तन ऐकायला नेलेला हेडफोन अजून सासूबाईंच्याच फोनला चिकटला होता! स्वयंपाकघरातून सासूबाई ओरडत होत्या, “हॅलो ताई, ऐकू येत नाही गं!” शलाका तणतणत उठली.

“शिट्टीनं सुनेची मुलाखत बिघडेल म्हणून कुकरच लावणार नाहीस?” मावशी कानात कडाडल्या. “इतकं डोक्यावर बसवू नकोस तिला!”

शलाका दारातच थबकली. ओट्यावर भरलेला कुकर तसाच थंड होता.

“उशीर केलात, मावशी,” ती हळूच म्हणाली. “मी कधीच बसलेय.”