रस्त्याचं दुसरं टोक

गावचा सिमेंट रस्ता दोनदा मंजूर झाला आणि दोन्ही खेपेला ग्रामपंचायतीपासून निघून मारुतीच्या देवळाशीच थबकला. निधी संपला म्हणे! देवळापलीकडचा टोला, म्हणजे गावाबाहेरची छोटी वस्ती, दर पावसाळ्यात चिखल तुडवत राहिला.

यंदा नव्या सरपंच तुलसाबाईंनी थेट टोल्याच्या टोकाला जाऊन नारळ फोडला. "काम इथून सुरू करा."

इंजिनियर चक्रावला. "बाई, उलटं काऊन? निधी पुन्हा मधातच संपला तर ग्रामपंचायतीजवळची घरं राहून जातील."

तुलसाबाईंनी शेजारी उभ्या असलेल्या भुपेंद्र ठेकेदाराच्या तळहातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

"यंदा नाई संपत, साहेब. आता शेवटचं घर यांचंच हाय."